बॅज, सही आणि शिकवणारी मोठी माणसं: सीमाभागातल्या स्काउट पालकांचे आणि मार्गदर्शकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांच्या पालकसभांना स्काउट मास्टर म्हणून मी बरीच वर्षं बसतो आहे. सभेत सगळ्यांसमोर उठून विचारलेले प्रश्न वेगळे असतात आणि सभा संपल्यावर चपला घालता घालता एखादी आई हळूच विचारते ते वेगळे. इथे दोन्ही घेतले आहेत. उत्तरं आम्ही पथकात पाळतो त्या पद्धतीची आहेत. जिथे कायदाच आहे, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

बॅज मिळवण्यात मोठ्या माणसाचं काम काय असतं?

भारत स्काउट्स आणि गाईड्समध्ये मूल प्रवेशापासून सुरुवात करतं. मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. या वाटेवर निरनिराळ्या कौशल्यांचे बॅज असतात: स्वयंपाक, सायकल, पोहणं, प्रथमोपचार, बागकाम आणि असे कितीतरी. एकट्या स्काउट मास्टरला हे सगळं कुठून येणार? म्हणून आम्ही गावातल्या जाणत्यांकडे जातो. कुणी वायरमन असतो, कुणी नर्स, कुणी मुरलेला शेतकरी. ते शिकवतात, मूल करून दाखवतं, वहीत सही होते आणि बाहीवर बॅज लागतो.

सगळं नाजूकपण त्या सहीत आहे. बारा वर्षांच्या पोराला ती सही फार हवी असते. टोळीतल्या बाकीच्यांच्या बाहीवर चार बॅज असले आणि आपल्या एकच, हे त्याला रात्री झोपू देत नाही. ज्याच्या हातात सही त्याला पोरगं सहसा ‘नको’ म्हणत नाही. खालचे सगळे नियम या एका गोष्टीसाठी आहेत: मुलाचा बॅज कुणा एका मोठ्या माणसाच्या मर्जीवर अडकून राहू नये. म्हणून आमच्याकडे शिकवणारा एक आणि तपासून सही करणारा दुसरा. तपासणीच्या वेळी पेट्रोल लीडर, म्हणजे मुलांचा टोळीनायक, आणि आणखी दोन-तीन मुलं हजर असतात.

शिकवणारे सगळे ओळखीचे, चांगल्या घरचे. त्यांच्यावर संशय घ्यायचा का सर?

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि विचारणाऱ्याच्या मनातला संकोच मला समजतो. गाव लहान आहे, उद्या त्याच माणसाशी बांधाला बांध लागतो. पण नियम सगळ्यांना सारखा आहे, आणि तो माझ्यापासून सुरू होतो. मी स्वतः कुठल्याही मुलाबरोबर दार लावून एकटा बसत नाही, रागावायचं असलं तरी नाही. मुख्याध्यापकांनाही हेच लागू, निवृत्त सुभेदारांनाही हेच.

वाईट हेतूचा माणूस अनोळखी होऊन येत नाही. तो घरी येऊन चहा पितो, पोराला वह्या आणून देतो, ‘तुमचा मुलगा हुशार आहे, माझ्याकडे पाठवा’ म्हणतो. आईबापाचा विश्वास तो आधी मिळवतो. चांगला माणूसही अगदी हेच करतो, म्हणून नुसतं वागणं बघून निवाडा करता येत नाही. करता येतं ते एवढंच, की एकांत मिळूच द्यायचा नाही. भल्या माणसाचं त्यात काही जात नाही. उलट कुणी उगाच बोट दाखवलं तर त्याच्या बाजूने सांगायला दोन साक्षीदार असतात.

अमेरिकेतल्या स्काउट संघटनेने हे फार मोठी किंमत देऊन शिकलं. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्या प्रक्रियेत ८२ हजारांहून जास्त माणसांनी लहानपणी स्काउटमध्ये लैंगिक अत्याचार झाल्याचे दावे दाखल केले. दाव्यांमागची बरीच माणसं तोवर पन्नाशी-साठी ओलांडलेली होती. एवढी वर्षं ती गप्प होती, हे वाचल्यावर मी त्या दिवशी दुसरं काही करू शकलो नाही. आज तिथे प्रत्येक कार्यक्रमाला २१ वर्षांवरची दोन नोंदणीकृत मोठी माणसं लागतात आणि बॅज शिकवणाऱ्याला मुलाला एकट्याने भेटता येत नाही.

हे सगळं मुलींसाठी ठीक. पोरांना काय होतंय?

होतं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला होता. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदाही मुलगा-मुलगी भेद करत नाही. १८ वर्षांखालचं कुठलंही मूल त्यात येतं.

मुलगे सांगत नाहीत, कारण ‘बाप्या माणसासारखा राहा’ हे आपणच त्यांना पाचव्या वर्षापासून ऐकवतो.

‘दोन मोठी माणसं’ म्हणता, पण आमच्या गावात दुसरा माणूस आणायचा कुठून?

खानापूरच्या पश्चिमेकडच्या लहान शाळांत कधी कधी एकच शिक्षक असतो, हे मला माहीत आहे. तरी गाव रिकामं नसतं. आपल्या भागात घरटी नाही तरी गल्लीला एक निवृत्त फौजी आहेच. अंगणवाडीच्या ताई आहेत, आशा ताई आहेत, एसडीएमसीचे, म्हणजे शाळेच्या पालक समितीचे, सदस्य आहेत, मुलाची आजी आहे. दुसऱ्या माणसाला त्या विषयातलं काही यायला हवं असं नाही. आजीने ओसरीवर शेंगा फोडत बसायचं, पण मुलं नजरेत राहतील असं.

आजीही मिळाली नाही तर जागा बदला. देवळाचा कट्टा, ग्रामपंचायतीचा ओटा, शाळेचा उघडा व्हरांडा. मुलंही एकापेक्षा जास्त हवीत. बॅजला एकच मूल असलं तर त्याने जोडीदार घेऊन यायचं. त्या जोडीदाराला तो बॅज करायचा नसला तरी चालेल.

एवढं करूनही जमलं नाही तर त्या दिवशीचा तास रद्द. बॅज पुढच्या महिन्यात होईल.

मुलाला शिकवणाऱ्याच्या घरी किंवा गॅरेजवर पाठवलं तर?

इथे मला माझी चूक सांगायची आहे. फार वर्षांपूर्वी जुलैमध्ये सहावीतल्या एका मुलाला सायकल दुरुस्ती शिकायला मी एकट्याला तालुक्याच्या गावी एका दुकानात पाठवलं. दुकानदार माझ्या ओळखीचा, भला माणूस. दुपारी त्याला एका खेड्यातून गाडी बंद पडल्याचा निरोप आला. त्याने दुकान ओढून घेतलं आणि पोरालाही मोटरसायकलवर मागे घेतलं. पोरगं खूश. तिकडे पाऊस लागला, काम लांबलं, संध्याकाळची बस गेली. मूल घरी पोहोचलं रात्री नऊला, वस्तीच्या गाडीने. त्याची आई साडेपाचपासून फाट्यावर उभी होती. मी टॉर्च घेऊन तिथे पोहोचलो तेव्हा तिने मला एकच विचारलं, ‘सर, तुम्हाला तरी ठाऊक होतं काय तो कुठं हाय ते?’

मला ठाऊक नव्हतं. मुलाला काहीच झालं नव्हतं आणि दुकानदाराचा हेतू स्वच्छ होता. पण जवळजवळ चार तास एक मूल कुठे आहे हे जगात एका माणसाशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि ती वेळ मी आणली होती.

तेव्हापासून मूल शिकवणाऱ्याकडे जात नाही, शिकवणारा मुलांकडे येतो. यंत्रं, विहीर, गोठा अशा जागी जावंच लागलं तर किमान दोन मुलं आणि पथकातलं एक मोठं माणूस सोबत असतं. पालकांना आदल्या दिवशी जागा, वेळ आणि परतायची बस लिहून दिली जाते. ठरलेली जागा सोडायची नाही. सोडावी लागली तर आधी फोन, मग पाऊल.

पोहणं, प्रथमोपचार, गाठी. हात न लावता शिकवणार कसं?

बहुतेक गोष्टी हात न लावता येतात. गाठीचंच घ्या. लाठीला दोरी बांधायची क्लोव्ह हिच ही गाठ शिकवताना मी मुलाच्या मागे उभा राहून त्याचे हात धरत नाही. शेजारी जमिनीवर बसतो. माझी दोरी माझ्या लाठीवर, त्याची त्याच्या लाठीवर. मी एक वेढा घेतो आणि थांबतो. तो घेतो. दुसरा वेढा पहिल्यावरून तिरका, शेंडा त्या तिरक्याच्या खालून, आणि ओढ. सुटली की पुन्हा. त्याची बोटं चुकत चुकत शिकतात आणि अशी शिकलेली गाठ विसरत नाही. गोठ्यात दावं बांधणारं पोर तर दुसऱ्याच खेपेला मला मागे टाकतं.

प्रथमोपचारात पट्ट्या मुलांनी एकमेकांना बांधायच्या. झोळी, घोट्याची पट्टी, डोक्याची पट्टी, सगळं कपड्यांवरून. छातीवर दाब देण्याचा सराव पुतळ्यावर करायचा. पुतळा नसला तर घट्ट बांधलेल्या गाठोड्यावर दाबाची लय तरी शिकवता येते. मुलाच्या अंगावर कधीच नाही. निरोगी छातीवर तसा दाब देणं धोक्याचंही आहे.

पोहण्यात आधार द्यावा लागतो. आमची पिढी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकली, आणि ती पद्धत एका अर्थाने बरी होती. आधार डब्याचा असायचा. आजही आधी फ्लोट, ट्यूब, डबा. हात लावायचाच झाला तर आधी तोंडाने सांगायचं, ‘पोटाखाली आडवा हात धरतोय, चालेल?’ मूल ‘नको’ म्हणालं तर नको. काठावर दुसरं मोठं माणूस, पोहता येणारं. कपडे बदलताना मुलांची जागा वेगळी, मोठ्यांची वेगळी, आणि तिथे मोबाइल कुणाच्याच हातात नाही.

कॅम्पला रात्री कोण कुठे झोपतं?

मोठी माणसं मुलांच्या तंबूत झोपत नाहीत. मुलाचे सख्खे वडील सोबत असले तर तेवढ्यापुरता अपवाद. मुलं-मुलींचे तंबू वेगळे आणि मुली असतील तर गाईड कॅप्टन (मुलींच्या पथकाच्या प्रमुख) किंवा दुसऱ्या जबाबदार बाई मुक्कामाला हव्यातच. रात्री शौचाला जोडीने जायचं, टॉर्च घेऊन. नदीवर किंवा नळावर आंघोळीच्या वेळा मुलांच्या आणि मोठ्यांच्या वेगळ्या.

एखाद्याला ताप आला तर त्याला एका माणसाच्या ताब्यात वेगळ्या खोलीत ठेवू नका. दार उघडं, दोन माणसं आणि पालकांना लगेच फोन.

शिकवणारे सर मुलाला थेट व्हॉट्सॲप करतात. हरकत आहे का?

हरकत आहे. निरोप गटावर किंवा पालकांच्या नंबरवर. मुलाने स्वतःहून काही विचारलं तरी उत्तर पालकांना जोडून द्यायचं. रात्रीचे मेसेज, ‘हे कुणाला दाखवू नको’, वाचल्यावर पुसायला सांगणं, यांतलं एक जरी दिसलं तरी पथकाला कळवा. तुमची शंका खोटी निघाली तर सगळ्यांनाच आनंद आहे.

फोटो?

गटाचे चालतात, पालकांनी लेखी हो म्हटलं असेल तर. ओल्या कपड्यांतले नाहीत, झोपलेल्या मुलाचे नाहीत. नाव, शाळा आणि चेहरा एकत्र टाकायचे नाहीत.

गाडीवरून सोडणं, बक्षीस देणं, उठाबशा काढायला लावणं?

एका मुलाला एकटं गाडीवरून नेऊ नये. वाटेत पाऊस लागला आणि दुसरा इलाज नसला तर निघताना आणि पोहोचल्यावर पालकांना फोन करावा. वस्तू सगळ्यांना द्यावी नाहीतर कुणालाच नको. एकट्या मुलाला गुपचूप दिलेला मोबाइल किंवा बूट हे मला भेटवस्तू वाटत नाहीत.

शिक्षेबद्दल कायदा सरळ आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. स्काउटचा गणवेश घातला म्हणून ती बंदी उठत नाही. चुकलेल्या मुलाचा विषय आम्ही कोर्ट ऑफ ऑनरमध्ये घेतो, तिथे त्याचेच टोळीनायक बसतात. ‘बॅज काढून घेईन’ ही धमकी कुणीच द्यायची नाही. मिळवलेला बॅज मिळवलेला असतो.

मार्गदर्शक निवडताना तुम्ही काय बघता?

२०२० च्या पोक्सो नियमांप्रमाणे मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या शाळा आणि संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची असते. आम्ही बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकालाही तेच लावतो. शिवाय आधी जिथे मुलांना शिकवलं तिथल्या दोन माणसांशी बोलतो. ‘काही वाईट आहे का?’ असं विचारलं की सगळे ‘नाही हो’ म्हणतात. म्हणून मी विचारतो, ‘तुमची नात यांच्याकडे पाठवाल का?’ उत्तर यायला जो वेळ लागतो त्यात बरंच कळतं.

पहिले तीन तास नवा माणूस आमच्यासोबतच शिकवतो. नियम वाचून सही करतो. ‘माझ्यावर विश्वास नसेल तर मी येत नाही’ म्हणणाऱ्याला आम्ही नमस्कार करतो आणि दुसरा शोधतो.

मुलाने काही सांगितलं तर मी त्या क्षणी काय करायचं?

आधी ऐका. हातातलं काम खाली ठेवा, पण धक्का बसल्याचं चेहऱ्यावर आणू नका, कारण मूल तुमच्या चेहऱ्याकडेच बघत असतं. ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही.’ एवढं पहिलं बोला. ‘तू गेलासच का?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे प्रश्न जिभेवर आले तरी गिळा.

खोदून विचारू नका. त्याने वापरले तेच शब्द, तारीख आणि वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा. शब्द सुधारू नका. ‘सरांनी मला गुदगुल्या केल्या’ असं मूल म्हणालं तर तसंच लिहा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. ‘ज्यांनी तुला मदत करायची आहे त्यांनाच सांगेन’ म्हणा. तेच तेच मुख्याध्यापक, अध्यक्ष, काका अशा पाच जणांपुढे वदवून घेऊ नका. ज्याच्यावर आरोप आहे त्याला गाठून जाब विचारायला जाऊ नका. त्याला सावध करण्यापलीकडे त्यातून काही निघत नाही. घटना ताजी असेल तर मुलाला आंघोळ घालण्याआधी आणि कपडे धुण्याआधी सरकारी दवाखान्यात न्या. तपासणी होताना आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस जवळ राहू शकतं, आणि मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात.

मग तक्रार. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, तातडीला ११२, किंवा सरळ पोलीस ठाणे.

गावातच बसून मिटवलं तर? पोराचीच बदनामी होते.

मिटवता येत नाही. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ‘शाळेचं नाव खराब होईल’ म्हणून गप्प बसणारे स्वतःच गुन्हेगार ठरतात. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कुठलीही कारवाई होत नाही, शंका पुढे चुकीची ठरली तरी. आणि मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो माध्यमांत छापायला कायद्याने मनाई आहे.

माणूस गावातून निघून गेला म्हणून विषय संपला असं ज्यांना वाटतं त्यांना मी एवढंच विचारतो: तो गेला कुठे? तिथेही शाळा आहे.

ठाण्यात सगळं कन्नडमध्ये चालतं. आमच्या मुलाला नीट सांगता येईल काय?

आपल्या भागातल्या आयांचा हा सगळ्यात खरा प्रश्न आहे, आणि भाषेच्या भीतीने लोक पायरी चढत नाहीत. जबाब मुलाला न समजणाऱ्या भाषेत लिहिला जात असेल तर त्याला दुभाषी द्यावा लागतो, हे पोक्सो कायद्यातच आहे. मागून घ्या. मूल मराठीत बोलेल असं स्पष्ट सांगा आणि लिहिलेलं त्याला मराठीत वाचून दाखवायला लावा. पोटातलं दुखणं मूल घरच्या बोलीतच सांगतं.

जबाबासाठी मुलाला ठाण्यात नेलंच पाहिजे असं नाही. तो घरी किंवा मूल म्हणेल तिथे घेतात, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकारी, आणि गणवेशात नाही. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही.

कॅम्प चंदगडकडे होता, म्हणजे महाराष्ट्रात. तक्रार कुठे द्यायची?

जवळ पडेल तिथे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर मान्य करू नका. सीमेपलीकडे कॅम्प नेताना दोन्ही बाजूंच्या ठाण्यांचे आणि दवाखान्यांचे नंबर आम्ही आधीच कागदावर लिहून घेतो, कारण जंगलपट्ट्यात मोबाइलला रेंज नसते.

पोराने खोटं सांगितलं तर एखाद्याचं आयुष्य जाईल.

खरं-खोटं ठरवणं पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम आहे, आपलं कळवण्याचं. खोट्या तक्रारीसाठी कायदा मुलाला शिक्षा करत नाही. जाणूनबुजून बदनामीसाठी खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला मात्र करतो. चौकशी चालू असेपर्यंत त्या माणसाला मुलांपासून दूर ठेवायचं, पण चावडीवर त्याचं नाव घेत बसायचं नाही. दोन्ही पाळता येतं.

घरी रोज काय विचारू?

‘आज सर चांगले होते ना?’ विचारलं तर ‘हो’ येईल. ‘आज कुठे बसला होता? तुझ्याबरोबर आणखी कोण होतं? कशात मजा आली, कशात नाही?’ असं विचारा. आवडत्या बॅजला मूल एकाएकी ‘नको’ म्हणू लागलं तर आळशी म्हणून रागावू नका. दोन दिवस थांबा, भाकरी थापताना त्याला जवळ बसवा. कामात असलेल्या आईशी मुलं जास्त बोलतात.

मधेच मार्गदर्शक बदलायला सांगितला तर झालेलं काम वाया जातं का?

नाही. प्रत्येक तासाची नोंद मुलाच्या वहीत असते: तारीख, काय शिकलं, कोण हजर होतं. नवा मार्गदर्शक तिथून पुढे सुरू करतो. बदलाचं कारण मुलाला किंवा पालकांना सांगावं लागत नाही. चिठ्ठीवर ‘दुसरे सर हवेत’ एवढं लिहून माझ्याकडे किंवा गाईड कॅप्टन बाईंकडे दिलं तरी पुरे. पुढच्या तासाला दुसरे सर असतात.